मदत हवी आहे: जुन्या गिटारचा ब्रिज (तारा अडकवायची लाकडी पट्टी) सुटतोय

मागच्या दिवाळीत ओळखीच्या एका काकांकडून जुनी अकूस्टिक गिटार घेतली, साडेतीन हजारांत. आवाज इतका गोड की पहिल्या दिवशी बोटं हुळहुळेपर्यंत वाजवत बसलो. मी रत्नागिरीत राहतो. पाऊस सुरू झाल्यापासून तारा उंच झाल्यात. बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड तारेखाली मोजलं तर 4 मिमी भरलं. अडीचच्या आसपास हवं. एफ कॉर्ड धरताच येत नाही. ट्रस रॉड (दांड्याच्या आतली सळई) पाव फेरा फिरवला, नेक म्हणजे दांडा सरळ झाला, उंची मात्र जवळपास तेवढीच. मग बॅटरी मारून पाहिलं तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकतंय आणि त्यामागची फळी फुगलीय. तारा लगेच सैल केल्या.

ब्रिज पूर्ण काढून पुन्हा चिकटवावा लागेल, की फटीत लाकडाचा गोंद भरून क्लॅम्प लावला तर टिकेल? एका दुकानदाराने फेविक्विक सुचवलं, ते मला अजिबात पटलेलं नाही. मिरजेचे सतार-तानपुरा बनवणारे कारागीर गिटारचं असं काम घेतात का? कुणी करून घेतलं असेल तर खर्च किती आला तेही सांगा. नवीन घे असं कृपया सुचवू नका, मला हीच वाजवायची आहे.