फ्रीलान्स भाषाकाम: दर पडत असताना तुम्ही कसे टिकलात?

भाषांतर, आवाज, डीटीपी (छपाईसाठी पानांची मांडणी), मजकूरलेखन असं सुटं काम घरून करणाऱ्यांसाठी हा धागा. २०१७मध्ये गूगलने मराठीसाठी न्यूरल भाषांतर आणलं, तेव्हा त्याचे नमुने एकमेकांना पाठवून आपण पोट धरून हसलो होतो. आता आपल्या आधी यंत्र काम उरकतं आणि एजन्सी सांगते, ‘फक्त नजर फिरवा’. अशा वेळी तुम्ही स्वतः काय केलंत, कशाने फरक पडला, कशाने काडीचाही पडला नाही, ते लिहा. ‘ओळखी वाढवा’, ‘अपडेट राहा’ हे सल्ले सगळ्यांना पाठ आहेत, ते नकोत. गिऱ्हाइकांची नावंही नकोत.

भाषांतर, पुणे

पोस्ट-एडिटिंगचा, म्हणजे यंत्राने केलेलं भाषांतर तपासून दुरुस्त करण्याचा दर पूर्वीच्या निम्म्यावर आला आणि वेळ मात्र तेवढाच लागत होता, कारण यंत्राचं मराठी दिसायला गुळगुळीत असतं आणि चूक आत दडलेली असते. मी क्लिनिकल ट्रायलच्या कागदपत्रांकडे वळले. नवीन औषध ज्यांच्यावर तपासायचं त्यांना कळेल अशा भाषेत संमतीपत्र द्यावं लागतं, आणि त्यावर एथिक्स कमिटीची नजर असते. एक जण मराठी करतो, दुसरा मूळ न बघता ते परत इंग्रजीत नेतो, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक काढतात. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच गर्दी कमी.

त्यातलं मला आवडणारं काम म्हणजे प्रश्नावली रुग्णांसमोर वाचून दाखवणं. त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. ‘थोडं अंतर चालल्यावर दम लागतो का?’ असा प्रश्न होता. एका आजींनी मलाच विचारलं, ‘रिकामं चालायचं का कळशी घेऊन?’ तेवढ्यावरून अहवालात अर्धं पान लिहिलं आणि प्रश्न बदलला. याचे पैसे शब्दांवर नाही, तासांवर मिळतात. माझ्या मते प्रति शब्द दर हाच सापळा आहे. त्यातून जितकं बाहेर पडता येईल तितकं पडावं.

भाषांतर, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर म्हणा हवं तर)

वरच्या ताईंचं पटलं, पण अशी कामं पुण्या-मुंबईत मिळतात. इथे मला अजूनही जाहिरातींची पत्रकं आणि शेती औषधांची लेबलंच येतात. लेबलांवर डोस आणि सावधगिरीचा मजकूर असतो, त्यामुळे कंपन्या यंत्रावर सोडायला घाबरतात. सध्या त्यावर घर चालतंय.

आवाज, डोंबिवली

ऑडिओबुकचं मराठीत बरं चाललंय. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप २०१७च्या शेवटी भारतात आलं, त्यानंतर माइकसमोर पुस्तकं वाचून देणाऱ्यांची मागणी वाढली, आणि तितकेच असे वाचणारेही वाढले! चांगला आवाज आता कुणाकडेही असतो. मी कपड्यांच्या कपाटात गोधड्या टांगून बसते. खोलीचा स्वतःचा आवाज उणे ६० डेसिबलच्या वर गेलेला बहुतेक कंपन्यांना चालत नाही, म्हणून पंखा बंद. मे महिन्यात काय होत असेल ते कल्पना करा. इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या संपल्या की रात्री रेकॉर्डिंग.

मला काम परत परत मिळतं ते दुरुस्त्यांमुळे. पुस्तक तपासून आलं की पंधरा-वीस वाक्यं पुन्हा वाचून द्यावी लागतात, आणि ती जुन्या वाक्यांच्या मध्ये बसवल्यावर जोड ऐकू येता कामा नये. मी प्रत्येक पुस्तकाची वही ठेवते: माइक तोंडापासून एक वीत की दीड, त्या दिवशी घसा कसा होता, कुठल्या पात्राला कुठला सूर. दुरुस्ती आली की आधीचं पान ऐकायचं, वही उघडायची आणि त्याच दिवशी फाइल पाठवायची. संपादकांचा जीव वाचतो.

आणखी एक. करारात ‘आवाज कोणत्याही तंत्रज्ञानासाठी वापरण्याचा हक्क’ असं कलम आलं की मी ते खोडून परत पाठवते. काही कामं त्यामुळे गेली. मला तरी माझाच आवाज माझ्यापेक्षा स्वस्तात विकला जायला नकोय.

डीटीपी, कोल्हापूर

नवीन पुस्तकांच्या मांडणीत मी स्पर्धेत नाही, तिथे पानामागे जो भाव चाललाय तो ऐकून हसू येतं. माझं काम जुनं. श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेली हजारो पानं प्रकाशकांकडे पडून आहेत आणि आता त्यांना ती युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर, संगणकावर उमटणाऱ्या अक्षरांत), ई-बुकसाठी हवीत. कन्व्हर्टर लावला की काम झालं असं वाटतं. मग रफार भलत्या अक्षरावर सापडतो, ‘सुऱ्या’चं ‘सुर्या’ झालेलं असतं, तळटीपा वाहून गेलेल्या असतात. कुठल्या फॉन्टची कुठली खोड आहे ते डोक्यात बसलंय. तरुण मुलांनी हे जुने फॉन्ट पाहिलेलेच नाहीत, म्हणून सध्या पोटापाण्याची चिंता नाही. फायली कधीतरी संपतील, तेव्हा बघू.

मजकूरलेखन, ठाणे

कामापेक्षा वसुलीने माणूस बाजाराबाहेर जातो. मी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद केली, ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. नंबर प्रत्येक बिलावर छापते. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. एप्रिल २०२४पासून आयकरातही बदल झाला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत कंपनीला तो खर्च दाखवता येत नाही. त्यामुळे मार्च महिन्यात आता त्यांच्या अकाउंट्समधून मलाच फोन येतात!

औरंगाबादवरून पुन्हा

आमच्याकडे उलट झालं. बिलावर तो नंबर पाहून एका एजन्सीने काम देणंच थांबवलं.

ठाणे

होतं असं. लहान एजन्सीला मी तारीख आधी फोनवर ठरवून घेते. मोठ्या कंपनीला नियम दाखवायचा, ओळखीच्या माणसाला नाही.

माजी फ्रीलान्सर, नाशिक

मी नोकरीत परत गेलो. घराच्या कर्जासाठी बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली आणि त्यातलं एक वर्ष फारच बारीक निघालं. पगाराची तारीख ठरलेली असण्यात काही कमीपणा नाही, हेही इथे कुणीतरी लिहावं म्हणून लिहितोय.

भाषांतर, सोलापूर

आम्ही चौघी अडचणीत एकमेकींची कामं निभावून नेतो. माझ्या सासूबाई दवाखान्यात असताना माझं कायद्याचं काम मैत्रिणीने पूर्ण केलं. आधी क्लायंटला विचारलं, मग तिला माझी शब्दसूची दिली आणि शेवटची तपासणी मी रात्री बाकावर बसून केली. बिल माझ्या नावाने गेलं, पैसे जमा झाले त्याच दिवशी तिचे तिला पाठवले. क्लायंट टिकला. दर कोणी किती लावते हे आम्हाला एकमेकींचं माहीत आहे आणि त्याखाली कुणी जात नाही, निदान आमच्यात तरी.