जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग: आवाज कसा ओळखलात, काम कसं करून घेतलंत? अनुभव लिहा

घरी २००८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, बाबांनी घेतलेली. १५ वर्षं झाल्यावर फिटनेस करून पुढच्या ५ वर्षांचं रजिस्ट्रेशन करून घेतलंय, त्यामुळे विकायचा प्रश्नच नाही. पण हल्ली ४० च्या पुढे गेलं की पुढून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, स्पीड वाढला की तोही वाढतो. न्यूट्रल केली तरी तसाच राहतो, म्हणजे इंजिनाचा नाही एवढं कळलं. एक मेकॅनिक म्हणतो टायर, दुसरा म्हणतो बेअरिंग. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, कुठल्या बाजूचं आहे ते कसं ठरवलं, काम कसं झालं, नंतर किती टिकलं. जुन्या गाड्या नेटाने चालवणारे बरेच आहेत, सगळ्यांना उपयोग होईल.

नाशिक

बाजू ओळखायला आम्ही हे केलं. मोकळा रस्ता बघून ५० च्या आसपास गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे झुलवायची, झटके द्यायचे नाहीत. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकावर येतं, तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक उजवं बेअरिंग. आमच्यात उजवीकडे वळवलं की घरघर वाढायची, म्हणजे डावं, आणि निघालंही डावंच. नुसत्या कानावर मात्र विसंबू नका, आवाज पत्र्यातून फिरतो आणि ड्रायव्हरला नेहमी आपल्याच बाजूचा वाटतो. नंतर जॅक लावून (स्टँड ठेवूनच, नुसत्या जॅकवर नको) चाक हाताने फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंग खराब असेल तर हाताला खरखर लागते.

कोल्हापूर

वरच्यात भर घालतो. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ (म्हणजे ढिलेपणा) लागला तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा बॉल जॉइंट, आडवं धरून हलवलं तरच लागला तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बघा. आमचं बेअरिंग आवाज करत होतं पण खेळ अजिबात नव्हता, त्यामुळे खेळ नाही म्हणजे बेअरिंग चांगलं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. टायरची शंका असेल तर पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाज मागे गेला किंवा बदलला तर टायर. शिवाय टायरचा आवाज सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरीवर आलं की लगेच बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना टकटकटक येत असेल तर तो एक्सलचा जॉइंट, ते वेगळं दुखणं.

चिपळूण

जुलै २०२१ च्या पुरात आमची गाडी बुडाली होती. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, सीटा, वायरिंग सगळं केलं, गाडी चालू झाली, घरात आनंद. दिवाळीच्या सुमारास दोन्ही पुढची चाकं गुरगुरायला लागली. उघडल्यावर आतलं ग्रीस चहावरच्या सायीसारखं झालेलं आणि गोळ्यांवर गंजाचे ठिपके. ही बेअरिंग सीलबंद असतात, धुऊन ग्रीस भरायची सोय नसते, बदलावीच लागतात. आमच्या मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली ती मनात राहिली. लांबून चालवून आणलेली गाडी थेट पाण्यात घातली की तापलेला हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे घाट उतरून आल्या आल्या चाकांवर जोराचा पाण्याचा पाइप मारणं आम्ही बंद केलंय.

सोलापूर

मला हे कळकळीने लिहायचंय कारण आमच्या नात्यातली गाडी थोडक्यात वाचली. आवाज पुष्कळ दिवस होता, म्युझिक मोठं केलं की ऐकू यायचा नाही म्हणून चालून गेलं. मग ब्रेक पहिल्यांदा दाबला की पेडल खोल जायचं आणि दुसऱ्यांदा बरोबर लागायचं. सगळे म्हणाले ब्रेक ऑइल बघा, मास्टर सिलिंडर बघा. खरं कारण हे की बेअरिंगमध्ये इतका खेळ आला होता की चाकाबरोबर डिस्कही डुगडुगायची आणि ब्रेक पॅडना मागे ढकलायची. टेंभुर्णीच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि जळक्या ग्रीसचा वास आला, गाडी बाजूला घेतली तर डावं चाक हात लावता येत नाही इतकं तापलेलं. तिथूनच टो करून आणली. घरघर आहे तोवर एक-दोन दिवसांत काम करून घ्या, खेळ आला, चाक तापलं की एक किलोमीटरही चालवू नका. गाडीत मुलं बसलेली असतात हो.

पिंपरी

मी वर्कशॉपमध्ये प्रेसवर काम करतो, रोज नकल (हब आणि बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग) येतात आमच्याकडे, म्हणून जरा लांब लिहितो. काम घरगुती नाही. नकल काढायची, हब दाबून बाहेर काढायचा, तो निघताना बेअरिंगची एक आतली रिंग हबवरच अडकून येते, ती पुलरने काढायची नाहीतर ग्राइंडरने जपून काप द्यायचा, हबला चरा पडला तर हब पण गेला. मग सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) काढून जुनं बेअरिंग दाबून बाहेर, नकलचं भोक स्वच्छ, आणि नवीन बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर दाब द्यायचा. हब आत दाबताना उलट, आतल्या रिंगला खालून आधार द्यायचा. हे चुकलं किंवा कुणी हातोड्याने ठोकून बसवलं तर सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि रिंगेवर खळगे पडतात, ते डोळ्याला दिसत नाहीत पण थोड्याच दिवसांत गाडी परत घूं करत येते आणि लोक बेअरिंगला शिव्या देतात. मोठ्या खड्ड्यात चाक आदळल्यावरही हेच होतं. एबीएसवाल्या गाडीत काही बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकाची रिंग असते, ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी, उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागून राहतो. एक्सल नट नवीनच टाका आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच टॉर्क (आवळायचा जोर) द्या, इम्पॅक्ट गनने अंदाजे नको. नट ढिला असताना गाडी ढकलायची पण नाही, बेअरिंगला मार बसतो. नकल सुटली होती म्हणजे अलाइनमेंट तपासून घ्या.

धागाकर्ता

दादा, फार उपयोगी, मनापासून धन्यवाद. स्प्रिंगवर हात ठेवून बघितलं, उजव्या बाजूला स्पष्ट खरखर लागली. आता प्रश्न असा की एकच बदलू का दोन्ही?

सातारा

एकच. ज्याचा आवाज तेवढंच. मी डावं बदललं, उजवं अजून मूळचंच आहे आणि शांत आहे. चांगलं बेअरिंग उगाच प्रेसखाली कशाला घालायचं?

चिपळूण

पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर मात्र दोन्ही. नाहीतर सातारकरांचं पटतं.

ठाणे

पार्ट घेताना डोळ्यात तेल घालून घ्या. एसकेएफ, एनबीसी, एफएजी अशा सगळ्या बेअरिंग ब्रँडच्या नावाचे डुप्लिकेट बॉक्स बाजारात असतात. किंमत फारच कमी सांगितली, छपाई पुसट असली, बॉक्सवरचा नंबर आणि बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर जुळत नसला तर घेऊ नका. एसकेएफचं ऑथेंटिकेट म्हणून ॲप आहे, फोटो पाठवून खात्री करून घेता येते. पक्कं बिल घ्या आणि जुनं बेअरिंग परत मागा. बदललंय हे नक्की कळतं आणि नंबर पण ताडून बघता येतो.

लीड्स, इंग्लंड

इथे ३ वर्षांपुढच्या गाडीची दर वर्षी एमओटी तपासणी असते आणि त्यात चाक उचलून बेअरिंग बघतात. माझ्या २०१० च्या गाडीला तिथेच पकडलं, मला तर आवाज जाणवलाच नव्हता. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे माझा सगळा त्रास गंजाचा होता. माझ्या गाडीत प्रेस लागत नाही, बेअरिंग आणि हब एकत्र येतं आणि बोल्टने बसतं, ऐकायला सोपं, पण ते नकलमध्ये असं धरून बसलं होतं की मेकॅनिकचा वेळ सगळा काढण्यातच गेला. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी कामाआधी मिस्त्रीला याची कल्पना द्यावी.

जुन्नर

आमच्याकडे जुनी जीप आहे, तिचं गणित निराळं. टेपर रोलरची दोन बेअरिंग, ग्रीस भरता येतं आणि नटाने खेळही काढता येतो. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, मग थोडा मागे घ्यायचा, चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि डुगडुगलंही नाही पाहिजे, मग लॉक करायचं. फार आवळलं तर तापून जातं. ग्रीस बोटांनी रोलरच्या मधे दाबून भरायचं, वरून नुसतं फासून उपयोग नाही. आमचे वडील दर पावसाळ्यानंतर हे स्वतः करायचे, आता मी करतो. यंदा सीलही नवीन घेतलीत, जुन्याच्या रबराला चिरा पडल्या होत्या.