सिनेट म्हणजे 'शहाणपणाचा ब्रेक'? जरा थांबा

गवती_चहा

काल डेटनचा_दादा यांनी अमेरिकेच्या घटनेवर आरती लिहिली. त्यात एक वाक्य आहे: सिनेट (तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, प्रत्येक राज्याला दोन जागा) हा 1787 साली घटनाकारांनी दूरदृष्टीने बसवलेला शहाणपणाचा ब्रेक. तिथेच उत्तर द्यायला बसले, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

दूरदृष्टी कसली? फिलाडेल्फियात घटना लिहिताना उन्हाळाभर सौदा चालला होता. सिनेटमध्ये सगळ्यांना समान जागा हव्यात म्हणून लहान राज्यं अडून बसली. डेलावेअरच्या गनिंग बेडफर्डने भर सभेत बजावलं की ऐकणार नसाल तर आमचा हात धरणारी परकी सत्ता आम्ही शोधू. 16 जुलैला त्यावर मतदान झालं, ते पाच राज्यं विरुद्ध चार, आणि मॅसॅच्युसेट्सचे लोक आपसातच फुटलेले. ज्याला सगळे घटनेचा जनक म्हणतात तो मॅडिसन समान जागांच्या विरोधात होता. एक राज्य इकडचं तिकडे झालं असतं तर दादांना कालचा लेख लिहायला विषयच उरला नसता.

तेव्हा व्हर्जिनिया डेलावेअरच्या बारा-तेरा पट होतं. 2020 च्या जनगणनेत कॅलिफोर्निया 3 कोटी 95 लाख, वायोमिंग 5 लाख 77 हजार. 68 पट! सिनेटर दोघांनाही दोन-दोन. खुद्द राजधानीत वायोमिंगपेक्षा जास्त माणसं राहतात, त्यांना शून्य. आणि बदलायची सोय नाही. पाचव्या कलमात खुंटी मारून ठेवली आहे की राज्याच्या संमतीशिवाय त्याची समान जागा काढता येणार नाही. म्हणजे वायोमिंगनेच उठून म्हणायचं, बाबांनो, माझी एक खुर्ची घ्या. म्हणेल?

डेटनचा_दादा

नाव घेऊन धागा काढलात, धन्य झालो.

ताई, तुम्ही भारताच्या चष्म्यातून बघताय. आपल्याकडे संसद साध्या कायद्याने राज्य तोडते, जोडते. 2019 मध्ये एका राज्याचं राज्यपणच गेलं, विधानसभेला विचारलंसुद्धा नाही. इथे अमेरिकेत राज्यं आधी आली, संघ नंतर. भागीदार म्हणून आलेल्याला भागीदाराचा मान द्यावा लागतो, मग तो किराणावाला असो की कारखानदार. सौदा होता म्हणता? होता. चांगली घटना सौद्यातूनच होते. आणि लहान राज्यं म्हणजे सगळी रिपब्लिकन, हाही गैरसमज. व्हरमाँट, ऱ्होड आयलंड, डेलावेअर, हवाई कुठे मतं देतात ते बघा.

लेट_लतीफ

"राज्यं आधी आली." तेरा आली हो. बाकीची बहुतेक काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेच, घडवली. 1889 मध्ये डकोटाचे दोन तुकडे केले, ते काय तिथल्या गवताची जात वेगळी होती म्हणून? दोनाऐवजी चार सिनेटर, एवढाच हिशेब.

आणि ब्रेकचं म्हणाल तर चर्चा थांबवून विधेयक मताला टाकायला लागणारी 60 मतांची अट घटनेत कुठेच नाही, ती सिनेटने स्वतःच लावून घेतली आहे. 1957 साली सिनेटर स्ट्रॉम थरमंड विधेयक अडवायला 24 तास 18 मिनिटं बोलत उभा राहिला, कशाविरुद्ध? काळ्यांच्या मतदानहक्काच्या विधेयकाविरुद्ध. ब्रेक कोणाच्या चाकाला लागत आला ते बघा, मग शहाणपण म्हणा.

अकोलेकर

आपली राज्यसभा बरी. यूपी 31, महाराष्ट्र 19, गोवा 1. माणसं मोजून जागा, विषय संपला.

म्हापशेकर

बरी कोणासाठी? एक जागा! आमचा एक माणूस सर्दीने घरी बसला की गोवाच गैरहजर. 19 वाल्यांनी आम्हाला न्याय शिकवू नये.

अकोलेकर

आधी विदर्भाचं बोला, मग गोव्याचं बघू.

गवती_चहा

विदर्भासाठी वेगळा धागा काढा, हात जोडते.

शेवटची_ओवी

मी इथे फक्त वाचते, पण 'ब्रेक' शब्द वाचून राहवलं नाही. जुलै 2019 मध्ये हाऊसने (लोकसंख्येप्रमाणे जागा असलेलं खालचं सभागृह) ग्रीन कार्डची, म्हणजे अमेरिकेत कायम राहायच्या परवान्याची, देशनिहाय मर्यादा काढायचं विधेयक 365 विरुद्ध 65 ने मंजूर केलं. दोन्ही पक्षांनी. आमच्या घरी त्या रात्री श्रीखंड झालं. मग ते सिनेटमध्ये गेलं. चर्चेशिवाय, सर्वसंमतीने मंजूर करू म्हणाले, आणि दर वेळी कोणीतरी एक जण उठून 'माझी हरकत' म्हणायचा. एक माणूस! मुलगी दुसरीत असताना इथे अमेरिकेत आली. मार्चमध्ये 21 पूर्ण झाली, आता अवलंबून मूल म्हणून धरत नाहीत, त्यामुळे आमच्या ग्रीन कार्डच्या अर्जातून बाहेर. जिथे वाढली तिथे आता परदेशी विद्यार्थिनी म्हणून व्हिसा मागायचा, फीसुद्धा तशीच.

कट्टा_क्र_3

एवढा त्रास आहे तर परत या की. बांधून कोणी ठेवलंय?

शेवटची_ओवी

या वाक्याची वाटच बघत होते. प्रत्येक धाग्यावर एक जण असतोच. मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिला कुठल्या कॉलेजात घालू ते तुम्हीच सांगा, पत्त्यासकट.

डेटनचा_दादा

कट्टा, तोंड सांभाळा. ओवीताई, ग्रीन कार्डच्या रांगेतली माझीही तारीख 2015 ची आहे, त्यामुळे कळतंय. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला 1 लाख 40 हजार, तीही बायकामुलं धरून, आणि कुठल्याही एका देशाला साधारण 7 टक्के. आइसलँडलाही तेवढीच मर्यादा आणि भारतालाही तेवढीच! रांगेत माणसं किती उभी आहेत हे कोणी बघायचंच नाही? याला समानता म्हणत नाहीत, थट्टा म्हणतात.

गवती_चहा

दादा, आपलाच प्रतिसाद परत वाचा. आइसलँडच्या जागी वायोमिंग घाला, भारताच्या जागी कॅलिफोर्निया. हेच मी सकाळपासून सांगतेय.

लेट_लतीफ

आई गं. दादा, पाणी आणू का?

डेटनचा_दादा

शब्दांचे खेळ करू नका. राज्य करारात सहभागी असतं. आइसलँडने अमेरिकेशी कसला करार केलाय? दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गवती_चहा

वेगळ्या आहेतच. एकीत तुम्ही रांगेत उभे आहात, दुसरीत नाही.

डेटनचा_दादा

हे वैयक्तिक झालं. अकरा वर्षं नोकरी बदलताना दहादा विचार करणाऱ्या माणसाला असलं ऐकवायचं नसतं.

आणि वस्तुस्थिती अर्धीच सांगितली गेली आहे. 2 डिसेंबर 2020 ला सिनेटने ते विधेयक मंजूर केलं, बदल करून, सर्वसंमतीने. म्हणजे हरकती घेणारे शेवटी गप्प बसले. परत गेलं ते हाऊसकडे. तिथे कोणी हात लावला नाही आणि 3 जानेवारीला काँग्रेसची मुदत संपली. माणसं मोजून निवडलेल्या तुमच्या लाडक्या सभागृहाने ते मारलं. आता बोला.

लेट_लतीफ

हे मला माहीत नव्हतं. मुद्दा तुमचा. पण दीड वर्ष ज्यांनी अडवलं ते कोण होते?

गवती_चहा

बरं, हाऊसही नालायक. लिहून घ्या, मी वारंवार म्हणणार नाही. 68 पट मात्र 68 पटच राहतं.

डेटनचा_दादा

ठीक, वायोमिंगला दीड सिनेटर देऊ. अर्धा कोणता कापायचा ते तुम्ही ठरवा.

म्हापशेकर

तो अर्धा गोव्याला पाठवा.

शेवटची_ओवी

चालू द्या तुमचं. एच-4 (आईवडिलांच्या नोकरीवरचा कुटुंबाचा व्हिसा) वरून एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर जाताना अर्ज इथूनच केला की मुंबईला जाऊन पासपोर्टवर व्हिसाचं स्टँपिंग करून आलात, असा अनुभव कोणाला असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फॉल सेमिस्टर जवळ आलंय.

डेटनचा_दादा

केलाय, मोठ्या मुलाचा, गेल्या वर्षी. व्यनि करतो.