घरच्या आर्केड यंत्रात काही नाणी परत येतात, काहींना क्रेडिट मिळत नाही : उपाय हवा

प्रश्न : आर्केड-हौस, जुळे सोलापूर

नमस्कार. बंद झालेल्या एका व्हिडिओ गेम पार्लरचे उभे कपाट मी विकत घेतले आणि आतील निकामी बोर्ड काढून त्यात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवला. पडदा, जॉयस्टिक आणि बटणे आता उत्तम चालतात. नाण्यांसाठी सहा प्रकारची नाणी ओळखायला शिकवता येणारा, नाणे पारखून घेणारा बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक कॉइन अ‍ॅक्सेप्टर लावला आहे. बटण दाबून फुकट क्रेडिट, म्हणजे खेळण्याची पाळी, देण्याची सोय करता येते हे मला ठाऊक आहे, परंतु नाणे टाकून खेळण्यातच मुलांचा खरा आनंद आहे आणि पेटीत जमलेली नाणी शेवटी त्यांच्याच गल्ल्यात जातात, त्यामुळे ती पद्धत मोडायची नाही.

अडचणी तीन आहेत. एक रुपयाची काही नाणी यंत्र घेते, काही मात्र लगेच खालच्या खणात परत टाकते. दोन रुपयांच्या नाण्याला दोन क्रेडिट ठेवले आहेत, पण कधीकधी एक रुपयाच्या जुन्या नाण्यालाही दोनच मिळतात. तिसरी अडचण सर्वांत त्रासदायक आहे : नाणे स्वीकारले जाते, पेटीत पडल्याचा आवाजही येतो आणि क्रेडिट मात्र जमा होत नाही. हे बहुधा संध्याकाळी, माथ्यावरची एलईडी पट्टी चालू असताना घडते. ती पट्टी, आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि कॉइन अ‍ॅक्सेप्टर एकाच अ‍ॅडॉप्टरवर आहेत. अ‍ॅक्सेप्टर बदलावा का?

उत्तर : नाणेसंग्राहक, नवी पेठ

अ‍ॅक्सेप्टर बदलण्याची घाई करू नये. आपल्या पहिल्या दोन्ही तक्रारींचे मूळ मला यंत्रापेक्षा आपल्या चलनात दिसते. नाणे आतील तारेच्या वेटोळ्यांजवळून घसरत जाते तेव्हा त्याचा धातू, व्यास आणि जाडी यांनुसार तेथील विद्युतचुंबकीय क्षेत्र बदलते, आणि तो बदल शिकवलेल्या नमुन्याशी जुळला तरच यंत्र नाणे घेते. नाण्यावर काय छापले आहे हे त्याला दिसत नाही.

आता एक रुपयाचेच पाहा. १९९२पासून आलेले स्टेनलेस स्टीलचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आहे, २०११च्या मालिकेतील सुमारे २२ मिलिमीटरचे आणि २०१९च्या मालिकेतील २० मिलिमीटरचे. यांतले एकच शिकवले असेल, तर बाकीची परत येणे हे यंत्राचे योग्य वागणे आहे. दुसऱ्या तक्रारीचे कारणही येथेच सापडते. २०११च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणे स्टेनलेस स्टीलचेच, २५ मिलिमीटरचे आणि ४.८५ ग्रॅम वजनाचे आहे, आणि एक रुपयाच्या त्या जुन्या नाण्याची मापेही हीच आहेत. हातात घेतल्यावर माणसाचाही गोंधळ होतो. घाईच्या वेळी मंडईत यावरून किती वाद झाले असतील, याची आपल्यालाही कल्पना असेल. अ‍ॅक्सेप्टरची अचूकता कितीही वाढवली तरी ही दोन नाणी खात्रीने वेगळी होणार नाहीत, उलट झिजलेली चांगली नाणीही परत येऊ लागतील.

माझ्या मते खेळासाठी एकच नाणे ठरवावे, आणि ते पाच रुपयांचे २३ मिलिमीटरचे पिवळे निकेल-पितळी नाणे असावे. २०१९च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणेही २३ मिलिमीटरचेच आहे, पण ते स्टीलचे असल्याने यंत्राला वेगळे ओळखता येते. २००७च्या सुमारास पाच रुपयांची स्टीलची नाणीही निघाली होती. ती चुंबकाला चिकटतात, पितळी चिकटत नाहीत, म्हणून घरातील साध्या चुंबकाने ती बाजूला काढता येतील. पाच रुपयांचे २०१९चे नाणे २५ मिलिमीटरचे आहे, तेही हवे असल्यास वेगळा प्रकार म्हणून शिकवावे.

शिकवताना एकच चकचकीत नाणे पुन्हा पुन्हा टाकू नये. एकाच मापाची, पण वेगवेगळ्या वर्षांची व कमीअधिक झिजलेली वीसेक नाणी वापरावीत. अ‍ॅक्सेप्टरच्या छोट्या पडद्यावर एफ अक्षरापुढे जो आकडा येतो तो अचूकतेचा असतो. तो लहान तितकी पारख कडक होते. ८ पासून सुरुवात करावी आणि गरजेप्रमाणे एकेकाने बदलावा.

उत्तर : तारजोडणी, साखर पेठ

नवी पेठेच्या मित्रांनी नाण्यांचे सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी तिसऱ्या तक्रारीपुरते लिहितो. एलईडी पट्टी लागताच क्रेडिट हुकते, हा आपल्या प्रश्नातील सर्वांत उपयोगी तपशील आहे. पट्टी चालू ठेवून आणि आवाज मोठा करून अ‍ॅक्सेप्टरच्या टोकांवर मल्टिमीटर धरावा, आणि त्याच वेळी कोणालातरी नाणे टाकायला सांगावे, कारण नाणे आत घेताना त्यातील विद्युतचुंबक ओढला जातो आणि विजेची मागणी तेवढ्यापुरती वाढते. व्होल्टेज बारावरून ठळकपणे खाली येत असेल, तर अ‍ॅक्सेप्टरला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर द्यावा.

मात्र अ‍ॅडॉप्टर वेगळा केल्यावर त्याची ऋण तार रास्पबेरी पायच्या ग्राउंडला, म्हणजे ऋण टोकाला, जोडणे अत्यावश्यक आहे. अ‍ॅक्सेप्टरची संकेताची तार स्वतः वीज पाठवत नाही, ती क्षणभर ग्राउंडला जोडली जाते. ग्राउंड सामाईक नसेल तर तो संकेत पोहोचणारच नाही. येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. रास्पबेरी पायच्या पिना केवळ ३.३ व्होल्ट सहन करतात. संकेताची तार जोडण्यापूर्वी ती मोकळी असताना तिच्यावर बारा व्होल्ट दिसत नाहीत ना, हे मोजूनच पाहावे, आणि दिसत असतील तर मध्ये ऑप्टोकप्लर, म्हणजे संकेत प्रकाशाने पलीकडे नेऊन दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा भाग, घालावा.

अ‍ॅक्सेप्टरच्या मागील बाजूला दोन छोटे स्विच असतात. एक एनओ (एरवी जोडणी उघडी) आणि एनसी (एरवी जोडणी बंद) यांतील निवडीचा आहे, तो एनओवर हवा. दुसरा संकेताची लांबी ठरवतो : जलद म्हणजे २० मिलिसेकंद, मध्यम ५० आणि मंद १००. सेकंदाला साठ चित्रे दाखवणारा खेळ साधारण १७ मिलिसेकंदांनी एकदा बटणे तपासतो, म्हणून २० मिलिसेकंदांचा संकेत अगदी काठावर राहतो आणि तार यूएसबी बोर्डामार्फत जोडली असेल तर त्यात हरवूही शकतो. मध्यम ठेवावा, तरीही हुकत असेल तर मंद.

आर्केड-हौस

दोघांचेही मनापासून आभार. मोजल्यावर पट्टी आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना व्होल्टेज दहाच्याही खाली जात असल्याचे दिसले. वेगळा अ‍ॅडॉप्टर लावून ग्राउंड एकत्र केले, स्विच मध्यमवर आणला, तेव्हापासून क्रेडिट हुकलेले नाही. पाच रुपयांची पितळी नाणी नव्याने शिकवली आहेत आणि ती व्यवस्थित घेतली जातात. मात्र काही नाणी वाटेत रेंगाळतात आणि परत येतात. तीच नाणी पुसून टाकली की चालतात.

उत्तर : जुना पार्लरवाला, अशोक चौक

पुसल्यावर चालतात म्हणजे शिकवणीत दोष नाही, नाण्याचा वेग बदलतो आहे. देवघरातील किंवा ओटीतील नाण्यांना हळदकुंकू आणि तेल लागलेले असते. ती साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण कोरडी करावीत आणि मगच मुलांच्या डब्यात ठेवावीत.

दुसरे कारण आपल्या गावचे आहे. यंत्रमागाच्या परिसरात चादरी आणि टॉवेलांच्या सुताचे बारीक तंतू हवेत असतात, आणि आमच्या पार्लरमध्ये अ‍ॅक्सेप्टरच्या वाटेत त्यांचा थर नेहमी जमत असे. पुढची झडप उघडून वाट मऊ ब्रशने साफ करावी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेले कापड फिरवावे. नाणे सुळकन जावे म्हणून तेल मात्र कधीही घालू नये, कारण त्यावर तंतू अधिकच चिकटतात.

कपाटाचा दरवाजा तिरका असेल तर तेही पाहावे. अ‍ॅक्सेप्टर उभ्या रेषेत सरळ बसलेला नसला की नाणे एका भिंतीला घासत जाते आणि वेटोळ्यांपासूनचे त्याचे अंतर प्रत्येक वेळी बदलते. ओळंबा लावून कोन तपासावा, गरज वाटल्यास स्क्रूंखाली वॉशर घालून तो सरळ करावा आणि त्यानंतर नाणी पुन्हा एकदा शिकवावीत, कारण आधीचे नमुने तिरक्या वाटेवरचे आहेत.