आईसाठी संमोहन उपचार? कुणाला अनुभव आहे का

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, आईबद्दल विचारायचंय. बाबा गेले, वर्षश्राद्ध होऊनही बरेच दिवस झाले. हार्ट अटॅक. आदल्या रात्री छातीत जळजळतंय म्हणाले, आईने ओवा आणि ॲसिडिटीची गोळी दिली, पडा जरा म्हणाली, आणि पहाटे सगळं संपलं. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, रात्रीच दवाखान्यात हलवलं असतं तर. सुरुवातीला सगळे समजूत घालायचे, आता कुणी विषय काढत नाही. पण ती कशावरच मत देईनाशी झालीय, भाजी कुठली करू विचारलं तरी म्हणते मला काय कळतंय, कळत असतं तर हे राहिले असते. हीच बाई गल्लीतल्या भिशीचा हिशोब तोंडपाठ ठेवायची हो!

शेजारच्या काकूंनी इथल्याच एका संमोहन सेंटरचा नंबर दिला. फोन केला तर म्हणाले पॅकेज घ्यावं लागेल, पैसे आधी, आणि "तुमच्या बाबांशी आईंचं बोलणं करून देतो, ते माफ करतील, त्या मोकळ्या होतील". मला ऐकून कसंतरीच झालं. पण आईच्या कानावर गेलं आणि ती लगेच तयार झाली. भाऊ म्हणतो थोतांड आहे सगळं, ती म्हणते एकदाच जाऊन येऊ. काय करू?

लिंबूटिंबू:
कॉलेजच्या गॅदरिंगला संमोहनवाला आला होता, आमच्या वर्गातल्या पोराला कच्चा बटाटा सफरचंद म्हणून खायला लावला. पोरगं आधीपासूनच नाटकी होतं म्हणा. आपला तरी पास.

मनोहर_ठाणे:
ताई, काउन्सेलिंगच्या क्षेत्रात काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टेजवरचा बटाटा आणि उपचारातलं संमोहन या वेगळ्या गोष्टी आहेत. उपचारात माणूस बेशुद्ध नसतो, झोपलेलाही नसतो, त्याला सगळं ऐकू येतं आणि नको वाटलं तर तो डोळे उघडून उठू शकतो. लक्ष एका जागी गोळा झालेलं असतं एवढंच, आणि त्या अवस्थेत सांगितलेलं जरा आत जातं. सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, काहींना पटकन जमतं, काहींना कितीही केलं तरी नाही. आयबीएस म्हणजे पोटाचा जो चिवट त्रास असतो त्यात, किंवा ऑपरेशनच्या आधीची भीती, वेदना, यात याचा उपयोग होतो असा चांगला पुरावा आहे. दुःखासाठी म्हणाल तर पुरावा फार तोकडा आहे, त्यामुळे पॅकेजमध्ये बरं करून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

आता "बाबांशी बोलणं". हे नीट समजून घ्या कारण यात खरं-खोटं मिसळलंय. गेलेल्या माणसाला समोर कल्पून मनातलं बोलायचं, मग त्याच्या जागी बसून उत्तर द्यायचं, हे तंत्र थेरपीत खरंच वापरतात, समोर रिकामी खुर्ची ठेवून, संमोहनाशिवायसुद्धा. पण तिथे पेशंटला पक्कं माहीत असतं की बोलतोय तो मीच. सेंटरवाला जर सांगत असेल की बाबाच येतात, तर सरळ उठून या. उद्या त्या "बाबांनी" माफ केलं नाही तर आईंनी काय करायचं? आणि तिथून गाडी मागच्या जन्मावर जायला वेळ लागत नाही. आठवणी तर किती सहज तयार होतात बघा, लॉफ्टस नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ मध्ये दाखवलं की संमोहन अजिबात न करता, नुसतं घरच्यांचा हवाला देऊन सांगितलं तरी साधारण चारातल्या एकाला लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची न घडलेली घटना थोडीफार "आठवली". आधीच अपराधी वाटणाऱ्या बाईच्या डोक्यात त्या रात्रीबद्दल अजून एखादी खोटी आठवण घुसली तर निस्तरणार कोण?

दुसरं, वर्ष उलटूनही माणूस तिथेच अडकलेला असेल तर त्याला आता प्रोलाँग्ड ग्रीफ, म्हणजे लांबलेलं दुःख, असं वेगळं निदान आहे, त्यावर पद्धतशीर थेरपी आहे. नैराश्यही असू शकतं. आधी सायकियाट्रिस्टला दाखवा, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, झोप-भूक कशी आहे ते सांगा. संमोहन करायचंच असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन विचारून. विचारायला लाजू नका. चार दिवसांचा कोर्स करून भिंतीवर सर्टिफिकेट लावणारे पुष्कळ आहेत.

जुना_खोड:
लिंबूटिंबू, एवढं हसण्यावारी नका नेऊ. क्लोरोफॉर्म यायच्या आधी, १८४५ मध्ये, हुगळीला एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने मेस्मेरिझम (संमोहनाचाच जुना प्रकार) करून भल्यामोठ्या गाठी काढल्यात. अर्थात गाठ काढणं वेगळं आणि अपराधी भावना काढणं वेगळं.

अबोली:
मी घेतलंय, दुःखासाठी नाही, कॉन्फिडन्स पार गेला होता म्हणून. घटस्फोटानंतर बँकेत सही करतानासुद्धा हात थरथरायचा, वाटायचं समोरचा म्हणणार हिला काही येत नाही. माझ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी) चालू होतं त्यातच मध्येमध्ये संमोहन. आरामखुर्चीत बसवायच्या, पंखा बंद, श्वासाकडे लक्ष द्या, उजवा हात जड होतोय, वगैरे. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं मला व्यवस्थित ऐकू यायची, पण हात खरंच उचलावासा वाटायचा नाही. मग बँकेचा काउंटर डोळ्यासमोर आणायला सांगायच्या, मी शांतपणे फॉर्म भरतेय, चुकलं तर दुसरा मागतेय. रेकॉर्डिंगही दिलं होतं, घरी ऐकायला बसलं की कुकरची शिट्टी!

झोप लवकर सुधारली हे नक्की. कॉन्फिडन्स मात्र खुर्चीत नाही आला, तो होमवर्कमुळे आला, म्हणजे खरोखर बँकेत जाऊन फॉर्म चुकवून दुसरा मागण्यामुळे. मॅडमनी तसं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि त्यांनी पॅकेज वगैरे कधी दिलं नाही, जेवढी सेशन्स तेवढे पैसे.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार, मनोहरदादा तुमचे विशेष. आईला ते खुर्चीचं वाचून दाखवलं. म्हणाली मग मीच बोलायचं आणि मीच उत्तर द्यायचं तर त्याला पैसे कशाला. पण ऐकून घेतलं पूर्ण. सायकियाट्रिस्ट म्हटलं की तिला वाटतं वेडाच्या डॉक्टरकडे नेताय. सांगली-मिरज भागात कुणी मराठीतून बोलणारं, वयस्कर माणसांशी धीराने वागणारं माहीत असेल तर प्लीज कळवा.

मनोहर_ठाणे:
दोन नावं व्यनिने (खासगी मेसेजने) पाठवलीत. तोपर्यंत १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आधी तुम्ही बोला मग आईंना द्या. आणि जाताना बाबांची जुनी फाइल न्या. आदल्या रात्रीची लक्षणं ॲसिडिटीसारखी कशी असतात हे कार्डिओलॉजिस्टने आईंना समोर बसवून सांगितलं तर कुठल्याही सेशनपेक्षा जास्त फरक पडू शकतो, आमच्याकडे हे कुणी सुचवतच नाही.

लिंबूटिंबू:
हे मात्र पटलं. माझ्या काकांच्या वेळी पण ॲसिडिटीच वाटली होती सगळ्यांना, घरात एक फार्मासिस्ट असून.