मूर्तिपूजक, हल्लेलुयावाले... आपणच आपल्याले नावं काहून ठेवतो?

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, ख्रिस्ती घरं मोजून अकरा. मी कॅथलिक, बायको पेंटेकॉस्टल, म्हणजे मोठेपणीच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षा) देणाऱ्या पंथाची. परवा तिच्या मंडळीतल्या एकानं माह्या आईच्या तोंडावर म्हटलं की तुम्ही मरियेचे पुतळे पूजता, तुमचा बाप्तिस्मा खोटा, पुन्हा पाण्यात उतरा. आई दोन दिवस जेवली नाही. काय करावं?

मेळघाटवाला: भाऊ, वाईट वाटलं वाचून. पण आपल्याकडूनही होते हे, आमचे कॅथलिक लोक पेंटेकॉस्टलायले "हल्लेलुयावाले" म्हणून हिणवतात, मी सोता ऐकलं हाय. आईले सांगा, मरियेला आपण मान देतो, आराधना फक्त देवाची.

नागपूरची ताई: मी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. २९ नोव्हेंबर १९७० ला आमच्या नागपुरातच सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन ही चर्च बनली, त्यात लहान बाळाचा बाप्तिस्मा मानणारे होते अन् फक्त मोठ्यांचाच मानणारे बॅप्टिस्टही, तरी दोन्ही पद्धती ठेवून एकत्र आलेच नं? आणि तुमच्या कॅथलिक चर्चच्याच बिशपांच्या मोठ्या सभेनं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, १९६४ मध्येच बाकीच्या ख्रिस्ती लोकांना वेगळे झालेले भाऊ म्हटलंय, पाखंडी नाही.

मेळघाटवाला: हे माहीत नव्हतं ताई.

प्रश्नकर्ता: बायको रडली काल, आईजवळ जाऊन बसली. रविवारी तिच्या पास्टरले घरी चहाले बोलावलं, आईसमोरच बोलतो.