‘दोन सप्ताहांत’ म्हणजे नेमकं कधी?

मी भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची कामं करते. परवा एका प्रशिक्षणवर्गाची सूचना तपासायला आली. त्यात वाक्य होतं : ‘हा अभ्यासक्रम दोन सप्ताहांत पूर्ण होईल.’ मी ते ‘दोन आठवड्यांत’ असं वाचलं आणि पुढे गेले. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं दोन शनिवार-रविवार, म्हणजे सगळे मिळून चार दिवस. एकाने सलग दोन आठवड्यांची रजा टाकली, तेव्हा घोळ लक्षात आला. वाईट वाटलं, कारण ते वाक्य माझ्या नजरेखालून गेलं होतं. त्याच सूचनेत पुढे ‘वर्षातील सर्व ५२ सप्ताहांतांना वर्ग चालू राहतील’ असंही होतं. तेव्हा दोन प्रश्न. ‘वीकेंड’ला मराठीत बिनधोक शब्द कोणता? आणि वर्षात ते ५२च असतात का?

* * *

वाक्य तुमच्या नजरेतून सुटलं खरं, पण ते सुटावं अशीच त्याची घडण आहे. ‘सप्ताह’चं सामान्यरूप करून ‘त’ प्रत्यय लावा. एकवचनात ‘सप्ताहात’, अनेकवचनात ‘सप्ताहांत’. दुसरीकडे सप्ताह + अन्त अशी संधी केली आणि अनुस्वार देऊन लिहिलं, तरी ‘सप्ताहांत’च. अक्षर न् अक्षर सारखं. त्यात मागे ‘दोन’ आला की वाचणारा साहजिकच अनेकवचनी सप्तमी समजतो, कारण मराठीत ती वाट रोजच्या पायाखालची आहे : दोन दिवसांत, दोन तासांत, दोन सप्ताहांत.

अशा वेळेसाठी लेखननियमांत सोय आहे. तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या) शब्दात अनुस्वाराऐवजी परसवर्ण, म्हणजे पुढच्या अक्षराला जुळणारा अर्धा न किंवा म असा वर्ण, लिहिता येतो आणि अर्थ बदलत असेल तिथे तो लिहावाच. वेदांत (वेदांमध्ये) आणि वेदान्त (तत्त्वज्ञान), देहांत (शरीरांमध्ये) आणि देहान्त (मृत्यू) ही नेहमीची उदाहरणं. त्याच न्यायाने ‘सप्ताहान्त’ असा अर्धा न लिहिला तर कागदावरचा गोंधळ मिटतो. कानावर पडताना मात्र तो तसाच राहतो, आणि ‘दोन सप्ताहान्तांत’ असं लिहायची वेळ आली की वाचणाराही अडखळतो.

बोलताना ‘सप्ताहान्त’ म्हणणारं माणूस मला तरी भेटलेलं नाही. आपण ‘शनिवार-रविवार’ म्हणतो किंवा सरळ ‘वीकेंड’. बातम्यांत ‘आठवडाअखेर’ दिसतो आणि तो मला मनापासून आवडतो, पण त्याची एक मर्यादा आहे. ‘आठवडाअखेर पाऊस कमी होईल’, ‘आठवडाअखेरीस निकाल लागेल’ इथे तो चपखल बसतो, कारण तो वेळ सांगतो. मोजायला गेलात की हाताला लागत नाही. ‘तीन आठवडाअखेरी’ कोण म्हणेल? शिवाय ‘आठवडाअखेरीस निकाल’ म्हणजे शुक्रवारीही लागू शकतो. त्यात सुट्टीचा वास नाही. ‘वीकेंड’ मोजता येतो (तीन वीकेंड), त्याला ‘ला’ लावता येतो (वीकेंडला), आणि त्यात सुट्टी गृहीत असते. म्हणून तो रुजला. आळसाने परका शब्द उचलला असं मी मानत नाही. मोजता येईल अशा नामाची गरज होती आणि ती त्याने भागवली.

* * *

मग ‘आठवडा’ तरी ठाम आहे का? सात दिवसांच्या गोष्टीत आठ कुठून आले?

* * *

आठ आले ते मोजण्याच्या पद्धतीतून. या शनिवारपासून पुढच्या शनिवारपर्यंत बोटं मोडा, दोन्ही टोकं धरून आठ होतात. आपण अजूनही ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो आणि बोलावलेला माणूस त्याच वारी येतो. नवव्या दिवशी कुणी उगवत नाही. हे फक्त मराठीचं वैशिष्ट्य नाही. फ्रेंचमध्येही आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतात. प्राचीन रोमन लोकांचं बाजाराचं चक्र आठ दिवसांचं होतं आणि त्याचं नाव मात्र नऊ या संख्येवरून पडलं होतं. दोन्ही टोकं मोजायची सवय खूप जुनी आहे.

‘पंधरवडा’ त्याच साच्यातला दिसतो, पण तिथे जरा जपून. मुळात तो चांद्र पक्ष, पंधरा तिथींचा. आज काही जण तो दोन आठवडे (१४ दिवस) म्हणून वापरतात, काही जण अर्धा महिना म्हणून. वर्षभराच्या हिशेबात हा फरक उघडा पडतो. महिन्यातून दोनदा निघणाऱ्या पाक्षिकाचे अंक २४ होतात, दर दोन आठवड्यांनी निघणाऱ्याचे २६. वर्गणी भरताना हे विचारून घ्यावं.

‘सप्ताह’ आणि ‘आठवडा’ यांतही माझ्या कानाला फरक जाणवतो. वाचन सप्ताह गुरुवारी सुरू होऊन बुधवारी संपला तरी कुणाला खटकत नाही. सलग सात दिवस झाले की सप्ताह झाला. ‘या आठवड्यात’ म्हटलं की मात्र दिनदर्शिकेतली एक ओळ डोळ्यांपुढे येते. म्हणजे ‘आठवडा’ हा शब्द दोन कामं करतो : कधी ती लांबी असते, कधी ओळ. ‘आठवडाभर ताप होता’ ही लांबी. ‘पुढच्या आठवड्यात भेटू’ ही ओळ. आपले बहुतेक घोळ या दोहोंच्या सरमिसळीतून होतात.

ओळ म्हटली की ती कुठून सुरू होते हा प्रश्न आलाच. आपल्या वारांची नावं ग्रहांवरून पडली आहेत, त्यांत क्रमांक नाही. ‘वार’ म्हणजे पाळी. ‘वारंवार’मधला वार हाच. पाळी कुणाची ते नावात आहे, पहिली कुणाची ते नाही. पोर्तुगीज आणि ग्रीक भाषांत सोमवारच्या नावातच ‘दुसरा’ आहे, म्हणजे रविवार पहिला. रशियनमध्ये मंगळवारच्या नावात ‘दुसरा’ आहे, म्हणजे सोमवार पहिला. जर्मनमध्ये बुधवारला ‘आठवड्याचा मध्य’ म्हणतात, आणि रविवारपासून मोजलं तरच तो मध्य ठरतो. मराठी या वादात कुठलीच बाजू घेत नाही. म्हणून रविवारपासून छापलेली दिनदर्शिकाही आपल्याला चालते आणि सोमवारपासूनचीही. पण रविवारपासून ओळ धरली तर ‘वीकेंड’ आठवड्याच्या दोन टोकांना विभागला जातो : रविवार आरंभी, शनिवार शेवटी. मग अन्त कशाचा? ‘सप्ताहान्त’ हा शब्द सोमवारपासूनच्या आठवड्यातच खरा ठरतो.

* * *

५२चं काय?

* * *

साध्या वर्षात ३६५ दिवस, म्हणजे ५२ आठवडे आणि एक दिवस. लीप वर्षात दोन दिवस जास्त. म्हणून साधं वर्ष ज्या वारी सुरू होतं त्याच वारी संपतं आणि तो एकच वार त्या वर्षी ५३ वेळा येतो. २०२२ शनिवारी सुरू झालं, शनिवारीच संपलं. त्यात शनिवार ५३ आणि रविवार ५२. शेवटच्या शनिवारचा जोडीदार रविवार १ जानेवारी २०२३ला जाऊन बसला, म्हणून २०२३मध्ये रविवार ५३. एक वीकेंड दोन वर्षांत विभागला गेला. तो कुठल्या वर्षात धरायचा हे तुमच्या सूचनेने आधीच सांगायला हवं.

आठवड्यांना क्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय रीत आहे, आयएसओ ८६०१. ते मानक १९८८ साली आलं. त्यात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या वर्षात त्याचा गुरुवार पडतो, त्या वर्षाचा धरला जातो. वर्षात पूर्ण आठवडे ५२ किंवा ५३.

आता ही दोन वर्षं शेजारी ठेवून बघा. २०२६ गुरुवारी सुरू होतं, म्हणून या रीतीने त्यात ५३ आठवडे येतात : २९ डिसेंबर २०२५पासून ३ जानेवारी २०२७पर्यंत. पण २०२६च्या तारखांत शनिवार ५२ आणि रविवारही ५२. त्रेपन्नाव्या आठवड्याचा शनिवार-रविवार जानेवारी २०२७मध्ये पडतो. याउलट २०२८ हे लीप वर्ष शनिवारी सुरू होऊन रविवारी संपतं. त्यात पूर्ण वीकेंड ५३, आणि आठवडे मात्र ५२च, कारण १ आणि २ जानेवारी हे दिवस २०२७च्या शेवटच्या आठवड्यात जमा होतात. असं वर्ष याआधी २००० होतं, पुढचं २०५६. आठवडे जास्त तेव्हा वीकेंड जास्त असतीलच असं नाही, हे मी स्वतः दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजलं तेव्हाच मला पटलं.

एक हिशेब सांगायचा मोह आवरत नाही. ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस येतात आणि त्यांना सातने निःशेष भाग जातो : २०,८७१ आठवडे. दर वर्षी ५२ धरले तर २०,८०० होतात. उरलेले ७१ म्हणजे ४०० वर्षांतली ५३ आठवड्यांची वर्षं.

* * *

एक भर. पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार एकाच महिन्यात आले की ‘हा योग ८२३ वर्षांनी’ असा निरोप फिरू लागतो. ३१ दिवसांचा कुठलाही महिना शुक्रवारी सुरू झाला की हे घडतंच. ऑगस्ट २०२५मध्ये झालं, मे २०२६मध्ये आहे, जानेवारी २०२७मध्ये पुन्हा.

* * *

महिन्याचा विषय निघालाच आहे तर ऑगस्ट २०२६ बघा. १ तारीख शनिवारी. ‘ऑगस्टचा पहिला आठवडा’ म्हणजे १ आणि २ या दोनच तारखांची ओळ, १ ते ७, की पहिला पूर्ण आठवडा ३ ते ९? तीनही अर्थ लोक प्रामाणिकपणे घेतात. सोमवारपासूनच्या दिनदर्शिकेत त्या महिन्याला सहा ओळी लागतात आणि शेवटच्या ओळीत एकटी ३१ तारीख उरते. नोव्हेंबर २०२६मध्ये पहिला रविवार १ला आणि पहिला शनिवार ७ला, म्हणजे ‘पहिला शनिवार’ आणि ‘पहिला रविवार’ एका वीकेंडचे नाहीतच. ‘दुसरा शनिवार’ मात्र पक्का शब्द आहे. तो ८ ते १४ याच तारखांत येतो, ओळ कुठूनही धरा. ‘दुसऱ्या आठवड्यातला शनिवार’ असं कधी लिहू नये.

* * *

सर्वांचे आभार. सूचना बदलून पाठवली : ‘वर्ग एकूण चार दिवस : शनिवार-रविवार, १ व २ ऑगस्ट २०२६ आणि शनिवार-रविवार, ८ व ९ ऑगस्ट २०२६.’ ५२चा आकडा काढून ‘दर शनिवारी आणि रविवारी’ केलं. आता खाली एक ओळ उरली आहे : ‘पुढच्या शनिवारी ओळखपत्रं मिळतील.’ सूचना गुरुवारी निघणार आहे.

* * *

गुरुवारी वाचणारे निम्मे जण परवाच येतील आणि निम्मे नऊ दिवसांनी. परवाचा शनिवार असेल तर ‘येत्या शनिवारी’ लिहा. ‘येता’ म्हणजे सगळ्यांत जवळचा, त्यावर सहसा वाद होत नाही. त्यानंतरचा असेल तर ‘पुढच्या’वर विसंबू नका, तारीख घाला.